रीळ संपतं, रील संपत नाही

"ठेव तो फोन आधी! दहावीचं वर्ष आहे, काही वाटतं का जिवाला?"

मैत्रिणींनो, हे वाक्य माझं. रोजचं. जेवायला वाढताना, अंथरूण घालताना, पोरगा डोळ्यांसमोर दिसला की तोंडातून आपोआप बाहेर पडणारं. त्या दिवशीही पडलं. पण त्या दिवशी आमच्या चिरंजीवांनी उलट उत्तर न देता शांतपणे विचारलं, "मम्मी, तुझा फोन बघू?"

दिला. लपवायचं काय होतं? त्यानं सेटिंगमध्ये जाऊन 'डिजिटल वेलबीइंग' असं काहीतरी उघडलं आणि फोन माझ्यासमोर धरला. आदल्या दिवसाचा हिशेब होता तो. एकूण ५ तास १२ मिनिटं. रील्सचे २ तास २०. व्हॉट्सॲप १ तास २०. व्हिडिओ १ तास ५. फोन उघडला, ९४ वेळा! आणि ज्यासाठी म्हणून हे यंत्र आपण घरात आणलं, ते बोलणं? ९ मिनिटं. तेही आईशी.

"अरे, माझं शिलाईचं काम असतं त्याच्यावर," मी म्हटलं.

"बरं," म्हणाला आणि गेला. त्या 'बरं'मध्ये काय काय होतं, ते दहावीतल्या मुलांच्या आयांना सांगायला नको.

रात्री मी हिशेब मांडत बसले. मी घरी ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. अस्तराच्या ब्लाऊजला मला अडीच तास लागतात. म्हणजे मी रोज दोन ब्लाऊज फोनमध्ये घालवत होते. अर्थात फोन नसता तर रोज दोन ब्लाऊज जास्त शिवले असते, असं काही नाही. पाठ आहे ती, लोखंड नव्हे. पण आकडा मनातून जाईना.

आता एक सांगते. फोनला नुसत्या शिव्या घालणाऱ्यांतली मी नाही. २०१६ च्या सप्टेंबरात स्वस्त इंटरनेट आलं आणि दोन वर्षांनी माझ्या हातात पहिला स्मार्टफोन आला. भिशीच्या पैशांतून घेतला होता. घरातली ही पहिली वस्तू जी फक्त माझी होती. गॅस घरचा, फ्रिज घरचा, मशीन माहेरचं. फोन मात्र माझा. त्याच्यावर बघून मी प्रिन्सेस कट शिकले, कटोरी शिकले. आमच्या विट्यात तेव्हा मला ते हाताला धरून शिकवणारं कुणी भेटलं नव्हतं. शाळेतल्या मैत्रिणी बावीस वर्षांनी सापडल्या. गिऱ्हाईक माप विचारायला, डिझाईन पाठवायला दारात यायचं थांबलं आणि मजुरी थेट माझ्या खात्यात यायला लागली. ती कुणाच्या हातातून घ्यावी लागत नाही, हे सुख लहान नाही.

म्हणून 'बायका दिवसभर मोबाईलवर' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. घरातल्या पुरुषांचा फोन म्हणे बातम्यांसाठी आणि कामासाठी असतो. आपला तेवढा टाइमपास! आमच्या ह्यांचा आकडाही पोरानं त्याच रात्री काढला. तो इथं छापत नाही, संसार करायचाय मला.

पण तरी मला फोन कमी करावासा वाटला, त्याचं कारण तो आकडा नाही. कारण वेगळंच आहे आणि ते सांगताना अजून घशाशी येतं.

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. मागच्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. दुपारची वेळ. आत्या खिडकीपाशी बसून साडीला फॉल लावत होत्या. फॉल, हुक, हातशिलाई हे सगळं त्यांच्याकडे. टाका असा की उलट बाजूनं बघितलं तरी दिसायचा नाही. मी मशीनवरून उठून पाठ टेकली होती आणि हातात फोन होता. आत्या म्हणाल्या, "अगं, डाव्या डोळ्यापुढं काळं काळं काय तरी नाचतंया. मघाधरनं वीज चमकल्यागत हुतंय."

मी म्हटलं, "हं."

दोन दिवसांनी परत म्हणाल्या. तेव्हाही "हं"च म्हटलं असणार. मला खरंच आठवत नव्हतं. शब्द कानावर पडले होते, आत गेले नव्हते.

आठव्या दिवशी आत्या भिंतीला धरून स्वयंपाकघरात आल्या. म्हणाल्या, एका बाजूनं पडदा ओढल्यागत दिसतंय. मग धावपळ. इथल्या डॉक्टरांनी बघून त्याच दिवशी मिरजेला पाठवलं. तिथं डोळ्याच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना, सुटलाय. ऑपरेशन करावं लागेल. मग विचारलं, "आजी, त्रास कधीपासून आहे?"

आत्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "दोन दिस झालं."

दोन दिवस! मी तिथंच उभी होते. त्या क्षणी मला तो खिडकीतला उजेड, ती साडी, ते "काळं काळं नाचतंया" सगळं शब्दन् शब्द आठवलं. आत्या खोटं बोलल्या होत्या, माझ्यासाठी. डॉक्टरांसमोर सुनेची मान खाली जाऊ नये म्हणून. मग मीच सांगितलं, "नाही डॉक्टर, आठ दिवस झाले. मला सांगितलं होतं त्यांनी." डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, डोळ्यापुढं अचानक ठिपके आणि चमका दिसायला लागल्या की लगेच यायचं असतं. तेव्हा पडद्याला नुसतं छिद्र असलं तर बऱ्याचदा लेझरनं भागतं.

(तुमच्या घरात कुणी वयस्कर माणूस असं काही बोललं, किंवा चष्म्याचा नंबर जास्त असलेलं कुणीही बोललं, तर ऐका बरं का. हा लेख इथंच सोडून दिलात तरी चालेल.)

ऑपरेशन झालं. आणि लाज वाटते सांगायला, पण ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसून मी काय केलं? फोन काढला आणि रील्स बघितल्या. कुणाची तरी मेथीची भाजी, कुणाचं तरी मांजर. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि अंगठा वर सरकतोय. तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली. म्हटलं, हे आता आपल्या हातात राहिलेलं नाही.

घरी आल्यावर आठवडाभर आत्यांना पालथं झोपवायचं होतं. डोळ्यात भरलेल्या वायूनं पडदा जागेवर दाबून धरावा म्हणून. दिवसभर मान खाली घालून त्यांनी करायचं काय? बोलायचं. आणि मी ऐकायचं. त्या आठवड्यात मी चौथीतून शाळा सुटलेल्या, चुलत्याच्या मळ्यात ऊस खुरपायला गेलेल्या मुलीला भेटले. एकोणीस वर्षं एका घरात राहून मला ही मुलगी माहीत नव्हती.

मग सुरू झाली माझी फोन कमी करण्याची मोहीम. आणि काय काय फजित्या झाल्या म्हणून सांगू!

पहिल्या दिवशी रील्सचं ॲप काढूनच टाकलं. चौथ्या दिवशी एका गिऱ्हाईकानं पाठीच्या डिझाईनची लिंक पाठवली आणि ते परत घालावं लागलं. मग फोन गव्हाच्या डब्यावर ठेवून कपाट बंद केलं. तिकडं लग्नाच्या तीन ब्लाऊजची ऑर्डर दुसरीकडं गेली, कारण "वहिनी, तुम्ही उत्तरच दिलं नाही." मग पोरानं ॲपला रोजची अर्ध्या तासाची मर्यादा घालून दिली. अर्धा तास झाला की ते चित्र करडं पडतं आणि उघडत नाही. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी ती मर्यादा काढायची कशी, हे मी स्वतःच शोधून काढलं. शिवणातल्यासारखंच आहे हे, उसवायला शिकवावं लागत नाही!

सगळ्यात मोठी फजिती पांढऱ्या-काळ्याची. कुणीतरी सांगितलं की फोनचा पडदाच बेरंगी करून टाकायचा, म्हणजे बघावंसंच वाटत नाही. खरंच वाटत नाही हो! रंग गेले की ती मेथीची भाजीही शिळी दिसते. पण मी शिंपीण आहे, हे मी विसरले. गिऱ्हाईकानं साडीचा फोटो पाठवला, "ह्याला जुळणारं अस्तर लावा." मला दिसली राखाडी. मी लावलं राखाडी. साडी होती मोरपंखी. अस्तर उसवलं, पदरचे पैसे गेले. तेव्हापासून रंग फक्त रात्री आठनंतर घालवते.

या काळात एक विचार मात्र सारखा यायचा. मी काही आळशी बाई नाही. संसार केला, धंदा उभा केला. मग एवढ्याशा वस्तूपुढं माझं का चालू नये? थोडं वाचलं, पोरानं थोडं सांगितलं. रील खाली सरकवलं की पुढचं येतं, ते संपलं की त्याच्या पुढचं. याला शेवटच नाही. ही न संपणारी रचना २००६ साली एझा रास्किन नावाच्या माणसानं काढली आणि पुढं त्यानंच तिच्याबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप केला. माझ्या मशीनवरचं रीळ संपतं. दोरा संपला की मशीन थांबवावी लागते, उठावं लागतं, दुसरं रीळ शोधावं लागतं. तेवढ्यात लक्षात येतं, अरे, कुकर लावायचाय. या फोनमधल्या रीलला ते थांबणंच ठेवलेलं नाही.

दुसरी गोष्ट कबुतरांची. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले होते. बटणावर चोच मारली की दाणा मिळायचा. पण प्रत्येक वेळी नाही, कधी मिळायचा, कधी नाही, नेम नसायचा. तर कबुतरं कंटाळून सोडून द्यायच्याऐवजी चोची मारतच राहायची. दहा रील्स टुकार, अकरावी अशी की खळखळून हसू यावं. म्हणून आपण बारावी बघतो. मी ९४ वेळा फोन उघडत होते, त्यातल्या निम्म्या वेळा तरी ही चोचच होती.

पण खरं सांगू? एवढं कळूनही माझा फोन फारसा कमी झाला नाही. कमी झाला तो दुसरीच गोष्ट लक्षात आल्यावर.

मी वहीत लिहायला लागले, की कधी कधी फोन हातात घेतला. आठवडाभरानं बघितलं तर सगळा ढीग दुपारी दोन ते चारमध्ये आणि रात्री सगळे झोपल्यावर. म्हणजे जेव्हा पाठ मोडलेली असायची तेव्हा. नुसती पडून राहिले असते तर? घरात नुसती बसलेली बाई कुणाला बघवत नाही. "बसलीच आहेस तर चहा टाक." "पडलीच आहेस तर हे बटण लावून दे." पण हातात फोन असला की बाई काहीतरी करतेय असं वाटतं, दोन मिनिटं कुणी हाक मारत नाही. माझा फोन ही माझी विश्रांती होती, आणि विश्रांती म्हणून ती भिकार होती. उठल्यावर पाठ तेवढीच दुखायची, वर डोळे दुखायचे.

मग एक दिवस मी घरात सांगून टाकलं. दुपारी दोन ते तीन मी दार लावून झोपणार. कारण? कारण दमते. फोन बाहेर. सांगताना माझाच आवाज थोडा चिरकला. हे म्हणाले, "मग झोप की, नको कोण म्हणतंय?" खरंच कुणी म्हणत नव्हतं. मीच कधी मागितलं नव्हतं. (पहिल्या आठवड्यात चार वेळा दार वाजलं, ते सोडा.)

बाकी मग बारीकसारीक. गिऱ्हाइकांना कळवलं, 'माप, तारीख, मजुरी यासाठी अकरा ते एक फोन करा.' आश्चर्य म्हणजे बायकांना ते आवडलं. सतरा मेसेजचं काम दोन मिनिटांच्या बोलण्यात व्हायला लागलं. कॉल सोडून सगळ्या ॲपचे आवाज बंद केले. सुप्रभातवाले तीन ग्रुप अर्काइव्हमध्ये टाकले. कुणाला कळतही नाही, कुणी रुसत नाही. व्हॉट्सॲपमध्ये प्रायव्हसीत जाऊन 'आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं' हेही ठरवता येतं, ते केलं. एकशे ऐंशी रुपयांचं गजराचं घड्याळ आणलं आणि चार्जर उशापासून बाहेरच्या खोलीत नेला. रात्रीचं बघणं निम्मं तेवढ्यानंच गेलं. गजरासाठी म्हणून फोन उशाला ठेवायचा आणि गजर लावता लावता साडेबारा वाजायचे, असं होतं ते!

आणि संध्याकाळचा डबा. ही कल्पना माझी नाही. आमच्या तालुक्याला लागूनच कडेगाव तालुका आहे. तिथल्या मोहित्यांच्या वडगावनं २०२२ च्या ऑगस्टमध्ये ठरवलं की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की गावानं टीव्ही, मोबाईल बंद करायचे. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. साडेआठला पुन्हा भोंगा. लॉकडाऊनमध्ये ऑनलाईन शाळेच्या निमित्तानं पोरांच्या हातात फोन आले आणि शाळा उघडल्या तरी हातातून सुटेनात, हे त्यामागचं कारण. पेपरात तेव्हा खूप आलं होतं. मला त्यातलं एकच लक्षात राहिलंय. हा विषय निघाला तेव्हा पुरुष मंडळींनी हसण्यावारी नेला होता. मग ग्रामपंचायतीनं बायकांना गोळा केलं. बायकांनी सरळ कबूल केलं, हो, आमचं टीव्ही-मोबाईल बघणं जास्त होतं, करा बंद. तिथून गाडं पुढं सरकलं.

आमच्याकडं भोंगा नाही, पण पापडाचा स्टीलचा डबा आहे. सातला चौघांनी… चौघांनी म्हणजे तिघांनीच, आत्यांकडं साधा बटणांचा फोन आहे… तर सातला त्यात फोन ठेवायचे, टीव्ही बंद करायचा. रिंग वाजली तर उचलायचा, बाकी साडेआठपर्यंत हात लावायचा नाही. हे पतसंस्थेत आहेत. "माझे महत्त्वाचे फोन येतात" म्हणून त्यांनी आधी नाराजी दाखवली. पहिल्या पंधरवड्यात महत्त्वाचे फोन आले दोन, त्यातला एक कर्ज हवंय का म्हणून विचारणारा.

सगळ्यात जास्त विरोध कुणाचा झाला असेल? आत्यांचा! त्यांची मालिका सातची. "डोळा गेला म्हणून मालिका पण घालवता व्हय?" शेवटी ती दुसऱ्या दिवशी दुपारी, पुन्हा दाखवतात तेव्हा बघायची, असा तह झाला. पहिले काही दिवस घर अगदी सुतक पडल्यासारखं. चौघं चार भिंतींकडं बघतोय. कुणाला काय बोलायचं ते सुचत नव्हतं. मग भांडणं झाली, चांगली कडाक्याची. पोराला अकरावीला कुठं घालायचं यावरून. तेवढा वेळ सलग एकमेकांशी आम्ही किती वर्षांनी भांडलो असू! पोरगा आता त्या वेळात भूमिती घेऊन बसतो. रोज नाही. काही दिवस डब्याजवळ घुटमळतो आणि घड्याळ बघतो.

माझा आकडा म्हणाल तर गेल्या आठवड्यात रोजचा साधारण २ तास १० मिनिटांवर आला. त्यातला निम्मा कामाचा. रविवारी मात्र भाचीचं लग्न ठरलं आणि साड्यांचे फोटो बघण्यात चार तास गेले. पोरानं रात्री फोन उघडून दाखवला, "मम्मी, ४ तास ६." मीही म्हटलं, "बरं."

आत्यांचा डोळा? दिसतं. माणूस ओळखू येतो, दार दिसतं, पायरी कळते. पण रेघ वाकडी दिसते आणि सुईत दोरा जात नाही. दुसरा डोळा धड आहे, हाताला सवय आहे, त्यामुळं फॉल लावायचं त्यांनी सोडलेलं नाही. सोड म्हटलं तर रागावतात. म्हणून सकाळी चहा झाला की मी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवते. पाच पांढऱ्या, पाच त्या दिवशीच्या साड्यांच्या रंगाच्या. संध्याकाळपर्यंत त्या संपतात. मग सात वाजता, फोन डब्यात गेले की, आत्या उशी माझ्यापुढं सरकवतात आणि उसाच्या मळ्यातली गोष्ट जिथं सोडली होती तिथून पुढं सुरू करतात. काल मध्येच थांबून म्हणाल्या, "ऐकतीयास न्हवं?"

"ऐकतेय," म्हटलं. "चुलत्यानं खुरपं कुठं लपवलं होतं, ते राहिलं सांगायचं."